हनुवटीवरची निळी खूण

"हालू नको," बाबा म्हणाले, आणि खडूचा निळा तुकडा माझ्या हनुवटीवर टेकवून त्यांनी बरोब्बर मधोमध एक ठिपका काढला.

"गुदगुल्या होतात, बाबा!"

"होऊ दे. आबाजी माह्या हनुवटीवर काढत तवा मलेही होत. वाक आता."

मी वाकले. क्यू, म्हणजे बिलियर्डची लांब काठी, पुढे सरकवला, हनुवटी त्याच्या लाकडावर टेकवली. समोर पांढरा बॉल, त्याच्या पुढे लाल, आणि त्याच्याही पुढे कोपऱ्यातलं पॉकेट. तिन्ही एका ओळीत. आंधळ्यानंही मारावा असा सरळ शॉट. मारला. लाल बॉल सुसाट गेला, पॉकेटच्या डाव्या कडेला आपटला आणि माझ्याकडेच परत आला.

"हात हालला," बाबा म्हणाले.

"नाही हालला!"

"मंग बॉल काऊन हालला? पुन्ना."

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे आणि कुणाच्याही समोर कितीही वेळ बोलू शकते (वर्गशिक्षिकांची तक्रार आहे तशी), पण तेव्हा मी बाबांसमोर "नाही हालला" यापेक्षा लांब वाक्य बोलत नव्हते.

बाबा आमच्या गावच्या क्लबात मार्कर आहेत. म्हणजे बिलियर्ड रूमची किल्ली त्यांच्याकडे असते. टेबलावरची हिरवी बनात, म्हणजे ताणून बसवलेलं लोकरी कापड, रोज ब्रशनं झाडायची, शनिवारी तिला इस्त्री करायची, साहेब लोक खेळायला लागले की बॉल जागेवर मांडायचे आणि भिंतीजवळच्या पाटीपाशी उभं राहून गुण पुकारायचे. खेळ चालू असताना मार्करनं गुणांशिवाय एक शब्द बोलायचा नाही. साहेबांनी समोर गाढवपणा केला तरी नाही. हे आमच्या घरात गायत्री मंत्रासारखं पाठ आहे, कारण आबाजी, म्हणजे बाबांचे वडील, तेही तिथेच मार्कर होते.

निळा ठिपका आबाजींचा. शॉट मारताना क्यू हनुवटीला घासत जातो. ठिपका सरळ मागे पुसला गेला तर डोकं मधोमध होतं. एका बाजूला फिसकटला तर शॉट चूक. चूक म्हणजे चूकच. एकदा माझा बॉल थाडकन पॉकेटमध्ये गेला. मी उडी मारली. बाबांनी माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली.

"ठिपका तसाच आहे. क्यू डावीकडून गेला."

"पण बॉल तर गेला ना!"

"बॉल गेला. शॉट नाई गेला. पुन्ना मार."

पुन्हा मारला, ठिपका छान पुसला, बॉल डाव्या कडेला आपटून परत आला. बाबा म्हणाले, "हां, हे बरं होतं."

आता हे आठवून मी हसते. तेव्हा हसायची सोय नव्हती.

मला एवढंच वाटायचं की माझं नाक आईचं आहे आणि नजर बाबांची. कारण बाबांचंही असंच व्हायचं. साहेबांना चौथा गडी कमी पडला की ते बाबांना क्यू देत. कुठला बॉल कुठे लागून कुठे थांबेल हे बाबांना मारायच्या आधी दिसायचं, ते दुसऱ्याचा शॉट बघतानाच पुटपुटायचे, "गेला", आणि तो जायचाच. पण क्यू स्वतःच्या हातात आला की बॉल डाव्या कडेला. क्लबचे सेक्रेटरी कर्णिक साहेब दर वेळी म्हणायचे, "तायडे, सगळं आहे रे तुझ्याकडे, नजर तेवढी कच्ची." आणि बाबा हसून म्हणायचे, "हो साहेब."

एकोणीस वर्षांचे असताना बाबांना नागपूरला खेळायला पाठवायचं चाललं होतं, असं आईकडून कळलं होतं. मग का नाही पाठवलं, हे विचारलं की आई भाजीत मीठ बघायला लागायची.

मला सकाळी साडेसहा ते साडेसात एवढाच वेळ टेबल मिळायचं. सभासद यायच्या आधी, ब्रश मारायच्या आधी. आणि त्या डिसेंबरात तेही बंद होणार होतं. टेबलावर नवी बनात येणार होती, आणि कर्णिक साहेबांनी बाबांना सांगून टाकलं होतं की नव्या बनातीवर फक्त सभासद आणि क्लबची टीम. मार्करची पोर नाही. मात्र ते मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "रविवारी ज्युनियर टीमची निवड आहे. सरळ लांब शॉट, दहा वेळा. सात गेले तो अमरावतीला स्पर्धेला जाणार आणि टेबल त्याचं. तुझ्या मुलीलाही उभी कर. नंतर म्हणू नको की साहेबांनी संधी दिली नाही."

दहातले सात. माझे त्या वेळी दहातले दोन जायचे, तेही ठिपका न पुसता.

शुक्रवारी आमचं एनसीसीचं फायरिंग होतं. गावाबाहेरच्या रेंजवर सतरंज्या अंथरलेल्या, आम्ही पालथ्या पडलेल्या, आणि खानझोडे मॅडम आमच्या मागून फेऱ्या मारताहेत. मॅडम वर्गात भूगोल शिकवायच्या, पण खाकी चढवली की त्यांचा आवाज बदलायचा. मी पाच गोळ्या मारल्या. कागद आणला तर मधलं काळं वर्तुळ कोरं करकरीत, आणि पार डावीकडे कोपऱ्यात पाच भोकं.

माझी मैत्रीण नीलोफर माझ्या कानात म्हणाली, "तू शेजारणीच्या कागदावर मारत होतीस का गं?"

मॅडमनी कागद हातात घेतला. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. तर त्यांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि त्या पाच भोकांवर ठेवलं. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली.

"तायडे, हे काय आहे?"

"सॉरी मॅडम. हात हालला."

"हात हालला असता तर भोकं गावभर पसरली असती. तुझा हात दगडासारखा आहे, पोरी! तू जिथे नेम धरतेस तिथेच मारतेस. पाचच्या पाच वेळा. फक्त धरतेस भलतीकडे." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "उभी राहा. दोन्ही हात समोर ताठ. पंजे एकमेकांवर, मधे छोटी खिडकी. दोन्ही डोळे उघडे ठेव आणि त्या खिडकीतून झेंड्याचा खांब बघ."

बघितला. खांब खिडकीत बरोब्बर मधे होता.

"आता उजवा डोळा मीट."

खांब तिथेच.

"उघड. आता डावा मीट."

मी डावा मिटला आणि अक्षरशः ओरडले. खांब नव्हता! खिडकीत पाण्याची टाकी होती. मी हात हलवले नव्हते, पाय हलवले नव्हते, श्वाससुद्धा घेतला नव्हता. डावा उघडला, खांब आला. मिटला, खांब गेला, टाकी आली. एवढा लोखंडी खांब, सरकारनं सिमेंटमधे पुरलेला, माझ्या एका पापणीवर उड्या मारत होता.

"मॅडम, खांब गेला!"

"खांब कुठे जातोय. तुझा साहेब गेला." मॅडम हसायला लागल्या. "दोन डोळ्यांत एक साहेब असतो आणि एक शिपाई. कुठली गोष्ट कुठे आहे, हे साहेब ठरवतो. शिपाई मान डोलावतो. बहुतेकांचा उजवा हात आणि उजवा डोळाच साहेब. तू उजव्या हाताची आहेस, पण तुझा साहेब डावीकडे बसलाय. बंदूक उजव्या डोळ्याखाली, हुकूम सोडतोय डावा. मग गोळी जाणार कुठे?"

"म्हणजे माझी नजर कच्ची नाही?"

"कच्ची? एका रुपयात पाच गोळ्या! डावा डोळा मीट आणि मार पुन्हा."

मी मारल्या. तीन काळ्यात, दोन काळ्याच्या काठाला. मॅडमनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला, तो अजून माझ्या भूगोलाच्या वहीत आहे.

पण खरं सांगू? मला बंदुकीचं काही नव्हतं. घरी जाताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त हिरवं टेबल होतं. चौदा वर्षं हे दोन डोळे माझ्याच डोक्यात शेजारी शेजारी राहत होते, त्यांच्यात एक साहेब होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! रस्त्यात भेटेल त्याला मी हाताची खिडकी करायला लावली. नीलोफर उजवी. इस्त्रीवाले काका उजवे. दूध डेअरीतली ताई उजवी. घरी पोचेपर्यंत मी सात जणांचे साहेब शोधले होते आणि सातही उजवे निघाले होते.

रात्रीच्या जेवणाआधीच मी बाबांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. खांब, टाकी, रुपया, साहेब, शिपाई. "म्हणून क्यू माझ्या डाव्या डोळ्याखाली पाहिजे, बाबा. ठिपका मधोमध नको. डावीकडे."

बाबांनी पाण्याचा गडू खाली ठेवला. "आबाजीनं चाळीस वर्सं त्या टेबलावर काढली."

"हो, पण त्यांचा साहेब उजवा असेल ना. मग मधोमध चालत असेल त्यांना."

"मधोमध म्हंजे मधोमध. त्याच्यात उजवा-डावा कुठून आला?"

"तुमचीही परीक्षा घेते मी. असे हात करा, फक्त एकदा..."

मी त्यांचे पंजे धरले. त्यांनी ते सोडवून घेतले. रागानं नाही, घाईनं. गरम भांड्यावरून काढावेत तसे.

"जेव तू. रविवारी ठिपका मधोमधच राहीन."

शनिवारी टेबलाला इस्त्री, म्हणून सराव नाही.

रविवारी सकाळी दहाला बिलियर्ड रूममधे मी पहिल्यांदाच इतके लोक बघितले. खुर्च्यांवर सभासद, त्यांची तीन मुलं, कडक शर्टातले कर्णिक साहेब, आणि पाटीपाशी बाबा, मार्करच्या पांढऱ्या कोटात. आत जायच्या आधी त्यांनी मला व्हरांड्यात थांबवून ठिपका काढला. त्यांचा अंगठा थंडगार होता. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आबाजीची आठवण कर."

तीन मुलांपैकी एकाचे आठ गेले, एकाचे सात, एकाचे पाच. मग साहेब म्हणाले, "चला, तायडेंची कन्या. पांढरा खुणेवर, लाल खुणेवर. दहा."

मी वाकले. मधोमध. मारला. डावी कड.

"एकातून शून्य," बाबांनी पुकारलं.

दुसरा. डावी कड. त्याच जागी, त्याच आवाजात. टक्.

"दोनातून शून्य."

मागून कुणी तरी हळू म्हणालं, "बापाची नजर घेतली हो पोरीनं." दोघं-तिघं हसले. बाबा पाटीकडे तोंड करून उभे होते.

तिसरा. टक्.

"तिनातून शून्य."

आता एकही चुकवायचा नव्हता. उरलेले सातच्या सात. मी बॉल मांडायला गेले आणि कड जवळून बघितली. तीनही वेळा बॉल जिथे लागला होता तिथे बनातीवर एक बारीकशी चमक आली होती. एकच. रुपयाखाली मावेल एवढी.

माझा हात दगडासारखा होता.

मी परत आले. सगळ्यांसमोर बाही वर घेतली आणि हनुवटीवरचा ठिपका पुसून टाकला.

बाबांनी ते बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. मला आजही वाटतं, त्यांना "कांचन" अशी मला हाक मारायची होती. पण खेळ चालू होता, आणि मार्करला गुणांशिवाय शब्द नाही. तोंड मिटलं.

कर्णिक साहेबांच्या खुर्चीशेजारच्या ताटलीतून मी निळा खडू घेतला, डाव्या डोळ्याच्या सरळ खाली, हनुवटीच्या पार डाव्या काठावर, स्वतःच ठिपका काढला आणि वाकले.

कसं सांगू? इतके दिवस मी त्या टेबलाकडे वाकायचे तेव्हा सगळं थोडं थोडं तिरकं असायचं, आणि मला तेच सरळ वाटायचं. त्या क्षणी क्यू, पांढरा, लाल, पॉकेट असे एकामागोमाग येऊन उभे राहिले, प्रार्थनेला शाळा उभी राहते तसे. पॉकेट एवढं मोठं होतं? लाल बॉलवर खिडकीचा उजेड पडला होता, तो मी पहिल्यांदाच बघत होते. मला मारायची घाईच राहिली नाही. बघतच बसावंसं वाटलं.

मारला. आवाजच आला नाही. कडेचा आवाज नाही, टक् नाही. नुसतं जाळीत पडल्याचं धप्प.

"चारातून..." बाबा थांबले. "चारातून एक."

पाचवा गेला. सहावा गेला. खुर्च्यांवरची कुजबूज थांबली. सातवा गेला तेव्हा पाच मारणारा मुलगा उठून टेबलाजवळ आला आणि गुडघ्यावर बसून माझ्या क्यूच्या रेषेत बघायला लागला. आठवा, नववा. बाबांचा आवाज दर वेळी लहान होत चालला होता.

"नवातून सहा."

दहावा मारताना मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. पण बॉल जरा जोरात गेला, पॉकेटच्या तोंडाशी या कडेवरून त्या कडेवर, त्या कडेवरून या कडेवर खडखडला आणि ओठावर थांबला. सगळी खोली थांबली. मग त्यानं विचार बदलला आणि आत पडला.

पुकारा आलाच नाही.

"तायडे," साहेब म्हणाले, "गुण?"

"दहातून सात," बाबा म्हणाले. पाटीला तोंड करूनच.

साहेब माझ्याजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या हनुवटीकडे बघत राहिले. "असा क्यू गालाशी धरलेला मी आजवर पाहिला नाही. तायडे, हे तू शिकवलंस?"

बाबा वळले. "नाई साहेब," ते म्हणाले. "मी शिकवलं ते पहिले तीन."

घरी आल्यावर आईनं साखर वाटली, शेजाऱ्यांना हाका मारल्या, मी दहाही शॉट लाटणं घेऊन करून दाखवले. बाबा खाटेवर बसून होते. शेजारी गेल्यावर ते म्हणाले, "ते कसे हात करायचे म्हनत होती तू?"

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांचे पंजे एकमेकांवर ठेवले, मधे खिडकी केली. खडूनं त्यांच्या बोटांच्या रेषा निळ्याच असतात कायमच्या. "समोरचं कॅलेंडर बघा. दिसलं? आता उजवा डोळा मिटा."

"आहे."

"आता डावा."

त्यांनी डावा डोळा मिटला. हात तसेच ताठ राहिले. मी वाट बघत राहिले. त्यांनी डावा उघडला. पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. कितीतरी वेळा.

"बाबा?"

"गेलं," ते म्हणाले.

"कॅलेंडर?"

त्यांचे हात खाली आले. मग माझ्याशी नाही, आईशीही नाही, असंच समोर बघत म्हणाले, "नागपूरच्या वक्ताले दहातले सातच पायजे होते. माहे दहाही डाव्या कडेले लागले. एकाच जागी. आबाजीनं तवा ती जागा बोटानं चाचपून पाह्यली. म्हने टेबल तर सपाट आहे, मंग तुह्यातच खोट आहे. मी मानलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या वेळी मीठ बघायला गेली नाही.

सोमवारी क्लबाला सुट्टी असते. सोमवारी बाबा आठपर्यंत झोपतात, ही आमच्या घरातली एकमेव चैन. त्या सोमवारी मी सहाला उठले तर खाट रिकामी, आणि खिळ्यावर क्लबची किल्ली नव्हती.

ते साडेसातला आले. सायकल लावली, पिशवीतून दूध काढून आईला दिलं, आणि रोजच्यासारखे ओट्याशी चहाला टेकले. चेहरा कसा होता? यात्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसून आलेल्या पोराचा असतो तसा.

आईनं बघितलं. "अहो, हनुवटीले हे निळं काय लावून आले?"

बाबांनी चटकन पंचा घेतला आणि पुसलं. सवयीनं, बरोब्बर मधोमध. आणि डाव्या काठावरची ती निळी, लांब फिसकटलेली खूण तशीच राहिली.

मी सांगितलं नाही.